पुस्तक पाहण्याचा कार्यक्रम

३ मे. काम : शाळेच्या ग्रंथालयातली पुस्तकं गच्चीवर उन्हात घालणे.

मी गणित शिकवते. तायडे मॅडम दिवाळीत निवृत्त झाल्या, ग्रंथपालाची जागा अजून भरलेली नाही आणि कपाटांच्या किल्ल्या कोणाकडे तरी ठेवायच्या म्हणून माझ्याकडे आल्या. किल्ल्यांसोबत पुस्तकांना लागलेली कसरही आली. म्हणून सुट्टी लागल्याबरोबर मी गच्चीवर सतरंज्या अंथरल्या, पुस्तकं उघडून पालथी घातली आणि वाऱ्यानं पानं फडफडू नयेत म्हणून प्रयोगशाळेतली वजनं आणून वर ठेवली. शेजारच्या गच्चीवर एक बाई कुरडया उलटत होती. बराच वेळ माझ्याकडे पाहून तिनं विचारलं, "किती दिवस वाळवा लागते हो मॅडम?"

"एक ऊन पुरे."

"अन् मंग तळता का?"

मी पुस्तकं उलटायला लागले. उलटताना दर वेळी तायडे मॅडम समोर येत होत्या, कारण प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्यांनी आपल्या ठसठशीत अक्षरात त्या पुस्तकाचा शेवट लिहून ठेवला आहे. 'राजा मरतो. कुत्रा वाचतो.' 'पोरगी घरी येते, पण चप्पल हरवून.' एका रहस्यकथेवर नुसतं 'चोर : आत्या.' मी एकदा त्यांना म्हटलं होतं, अहो, मग मुलं वाचतील कशाला? तर म्हणाल्या, "शेवट माहीत असला की पोट्टं निवांत वाचते, खर्चे मॅडम. नाहीतं सारं ध्यान पुढंच. जेवतानी लग्नाच्या गाडीचा टाइम पाहावा, तसं."

तायडे मॅडम उंच, रुंद आणि आवाजानं मैदानाच्या मापाच्या. आधी बरीच वर्षं त्या पी. टी. शिकवायच्या. गुडघा दुखायला लागल्यावर त्यांनी ग्रंथालयशास्त्राची परीक्षा दिली आणि ग्रंथालयात आल्या. येताना पांढरे कॅनव्हासचे बूट आणि शिट्टी दोन्ही घेऊन आल्या. कडक इस्त्रीची साडी आणि खाली बूट. भिंतीवर 'शांतता राखा' असा फलक होता आणि त्याच्याखाली उभ्या राहून त्या शिट्टी वाजवायच्या. एक लांब शिट्टी म्हणजे वाचायला लागा. दोन आखूड म्हणजे पुस्तक मिटा. मोताळ्याला तालुक्याच्या सभेत दुसऱ्या एका ग्रंथपालांनी त्यांना विचारलं की तुमच्याकडे मुलं वाचनालयात बसतात कशी. या म्हणाल्या, "मांडी घालून."

पुस्तकांची मांडणीही त्यांचीच. बाकी जगात विषयवार असते. आमच्याकडे चार कपाटं होती : हसणारी, रडणारी, झोप आणणारी आणि भांडण लावणारी. कपाटांवर तशा चिठ्ठ्या होत्या. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "विज्ञान कुठं आहे?"

"कोणतं विज्ञान पाह्यजे, साहेब? हसाचं का झोपाचं?"

साहेबांनी मुख्याध्यापक सोनोने सरांकडे पाहिलं. सोनोने सरांनी छताकडे पाहिलं. साहेबांनी झोप आणणारं कपाट उघडलं, तर वरच्याच फळीवर त्यांच्याच खात्यानं पाठवलेल्या मार्गदर्शिका. त्या दिवशी अहवालात काय गेलं ते मला माहीत नाही, पण जाताना साहेबांनी हसणाऱ्या कपाटातलं एक पुस्तक वाचायला नेलं. ते परत आलं नाही, तेव्हा मॅडम एस. टी. पकडून बुलढाण्याला गेल्या आणि त्यांच्या घरी बसल्या.

बसणे ही त्यांची वसुलीची पद्धत. पुस्तक उशिरा आलं तर दंड नाही, ओरडणं नाही. त्या घरी जाऊन बसायच्या. पुस्तकाचं नाव काढायच्या नाहीत. चहा घ्यायच्या, शेंगा सोलायला घेतल्या असतील तर शेंगा सोलू लागायच्या. घरचे लोक दोन तासांत आपोआप पुस्तक शोधून काढायचे. नारखेडे भाऊंच्या घरी तर मुलीच्या लग्नाचा बस्ता निवडायचं चाललं होतं. मॅडम बसल्या त्या बसल्याच. पुस्तक सापडेपर्यंत त्यांनी सहा साड्या नापसंत केल्या होत्या. नारखेडे वहिनी आजही सांगतात की शालू मॅडमनीच काढून दिला.

या नारखेडे भाऊंची ओळख करून द्यायला हवी. ते शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. गावात त्यांचं बियाण्या-खतांचं दुकान आहे. सरळ माणूस, देवभोळा, गळ्यात माळ. वर्षातून दोनदा कोणत्या ना कोणत्या पुस्तकाबद्दल त्यांच्याकडे तक्रार यायची आणि ती घेऊन ते शाळेत यायचे. पहिल्यांदा आले ते एका भुताच्या पुस्तकाबद्दल.

मॅडमनी विचारलं, "तुमी वाचलं का, भाऊ?"

"नाही. पण मले सांगतलं."

"ज्यानं सांगतलं त्यानं वाचलं?"

"त्यालेही कोणीतरी सांगतलं."

"भाऊ, पोरगी पाहाले गेल्याबिगर तुमी नापसंत करता का? मंग पुस्तकाचं काऊन?"

भाऊंना हे पटलं. तिथून 'पुस्तक पाहण्याचा कार्यक्रम' सुरू झाला आणि आमच्या शाळेची ती रीतच झाली. ज्या पुस्तकाबद्दल कोणाला शंका असेल ते एका स्टुलावर भरतकामाचा रुमाल अंथरून ठेवायचं. समिती आणि दोन-तीन पालक समोर बसायचे. मॅडम सांगायच्या : नाव अमुक, पानं इतकी, माहेर पुण्याचं, कागद गोरा. मग जमलेल्यांनी पाळीपाळीनं एकेक पान मोठ्यानं वाचायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पोहे शेजारच्या खोलीत व्हायचे आणि त्यांचा वास येत राहायचा, पण शेवटचं पान झाल्याशिवाय बशी हातात नाही. ज्याला नापसंत असेल त्यानं कारण पुस्तकासमोर उभं राहून पुस्तकालाच सांगायचं.

मोठी माणसं पुस्तकासमोर उभी राहून बोलायला लाजतात, हे मॅडमनी बरोबर ओळखलं होतं. भुताचं पुस्तक पसंत झालं. नापसंत झालं ते भलतंच, एका गुणी मुलाच्या गोष्टींचं. तो मुलगा पहाटे उठायचा, सगळ्यांच्या पाया पडायचा आणि भाजी निवडून द्यायचा. नारखेडे भाऊ पुस्तकाला म्हणाले, "तू चांगला आहेस रे बाप्पा. पण तुले घरी नेलं तं आमचे पोट्टे मार खातीन."

आता खरी गोष्ट.

मॅडमचा ग्रंथालयात एक नियम होता. मुलांचा वाद झाला की निकाल एकच : पुस्तकात दाखव. पुस्तकात सापडलं तर खरं, नाही सापडलं तर खोटं. हरला त्यानं शनिवारी कपाटं पुसायची. नियमाचे परिणाम विचित्र होते. उंटाच्या मदारीत पाणी नसतं हे सिद्ध झालं, ते ठीक. पण भूत असतं हेही सिद्ध झालं आणि कावळा बोलतो हेही. सोनोने सर वैतागले होते. मॅडम म्हणायच्या, "कपाटं तं पुसल्या जातात ना, सर?"

गेल्या जुलै महिन्यात सहावीचा वाचनाचा तास होता. मी बाजूच्या टेबलावर वह्या तपासत होते. नारखेडे भाऊंची धाकटी सानिका तिच्या मामाच्या लग्नाचं सांगत होती. किती पदार्थ, किती गाड्या. आरती म्हणून एक मुलगी आहे, वडील भाजीपाल्याचं पाहतात, ती सहज म्हणाली, "माह्या बंडूकाकाचंही झालं. विजयकाकाशी. खामगावले राह्यतात दोघं. फक्त पंगत बाकी आहे."

सानिका म्हणाली, "असं नसते."

"असते."

"काकाचं काकाशी नसते वं. काकूशी असते."

"आमच्या घरी काकाशी आहे."

"पुस्तकात दाखव."

आरतीनं हसणारी पाहिली, रडणारी पाहिली, भांडण लावणारी पाहिली. झोप आणणारीसुद्धा पाहिली. सगळ्या वर्गानं तिच्यासाठी पुस्तकं काढून दिली, अगदी मनापासून, कारण कोण जिंकतं याचीच त्यांना उत्सुकता होती. काही सापडलं नाही. तास संपला. शनिवारी आरतीनं चारही कपाटं पुसली, फडकं धुऊन वाळत घातलं, आणि सोमवारपासून ती ग्रंथालयात यायची बंद झाली. वाचनाच्या तासाला पोट दुखतं म्हणून वर्गातच बसायची. वर्गात तिला चिडवणंही सुरू झालं. ती काही सांगायला लागली, अगदी आज भाजी कोणती आणली हे जरी, तरी मुलं म्हणायची, पुस्तकात दाखव.

दोन दिवस शिट्टी वाजली नाही. तिसऱ्या दिवशी तायडे मॅडम मला म्हणाल्या, "भुताले पुस्तकात जागा आहे. बोलणाऱ्या कावळ्याले आहे. खामगावच्या बंडूले नाही. अन् नियम माहा आहे, मॅडम. माह्याच नियमानं पोरगी खोटी पडली."

मी म्हटलं, "मग नियम बदला."

"नियम काऊन बदलू? पुस्तक आणते ना."

आधी त्या आरतीच्या घरी जाऊन बसल्या. आरतीची आजी, यशोदाबाई, भेंड्या निवडत होत्या. मॅडमनी तासभर भेंड्या निवडल्या आणि मग विचारलं की असं असं पुस्तक आणलं, अन् त्याच्यावरून गावात बोलणं झालं, तर चालेल का? यशोदाबाई म्हणाल्या, "गावाले काय नवीन आहे? सारे ओळखतात दोघाइले. बंडूनं फिटिंग केल्याबिगर इथल्या कोणाचा कूलर चालू होते?" त्यांनी बंडूला फोन लावला. बंडू म्हणाला, मॅडम, खुशाल आणा, फक्त पुस्तकातला काका माझ्यापेक्षा काळा नको.

मग पुस्तकं यायला लागली. पुण्याहून पार्सल यायचं, मॅडम वाचायच्या आणि मला निकाल सांगायच्या. पहिल्या पुस्तकात शेवटी तो माणूस मरत होता. "बंडू जित्ता आहे. परत." दुसऱ्यात पानोपानी समानतेबद्दल उपदेश होता. "याच्यात काका नाही, भाषण आहे. पोट्टे झोपतीन." तिसऱ्यात दोन हत्ती होते, सुंदर चित्रं, एकमेकांवर फार प्रेम. मला ते आवडलं होतं.

"छानच आहे," मॅडम म्हणाल्या. "पण सानिका काय म्हणीन? हत्तीत असते, माणसात नसते. मंग बसा."

चौथं होतं 'मंजूच्या मामाचं लग्न'. मंजूचा मामा शिरीष नावाच्या मित्राशी लग्न करतो, घरचेच लोक जमतात आणि मंजूची बकरी ऐन वेळी कोणाच्या नकळत हार खाऊन टाकते. तो शोधण्यात अर्धं पुस्तक जातं. मॅडमनी ते दोनदा वाचलं, बकरीच्या पानावर मोठ्यानं हसल्या आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'लग्न होते. हार भेटत नाही.'

पुस्तक कपाटात गेलं नव्हतं तोच नारखेडे भाऊंकडे तक्रार पोचली. भाऊ या वेळी गंभीर होते. म्हणाले, "मॅडम, भुताचं येगळं. हे येगळं. हे पुस्तक शाळेत नाही पाह्यजे."

"कार्यक्रम ठेवू, भाऊ."

"कार्यक्रमाची गरजच नाही."

"पाह्यल्याबिगर नापसंत?"

भाऊ अडकले. कार्यक्रम ठरला.

स्टूल, रुमाल, पुस्तक. समोर सोनोने सर, नारखेडे भाऊ, पालकांतून शेख टेलर (शाळेचे गणवेश तेच शिवतात) आणि यशोदाबाई. यशोदाबाईंनी आधीच विचारून घेतलं होतं, "पोहे आहे ना?" मला इतिवृत्त लिहायला बसवलं होतं.

पहिली पानं सुरळीत गेली. शेख टेलर बकरीचा आवाज काढून वाचत होते. मग पान नारखेडे भाऊंकडे आलं. त्यांनी चष्मा नीट केला. "'मामा आणि शिरीष यांनी एकमेकांना नवे हार घातले.'" थांबले. "एकमेकाले?"

"हाव," मॅडम म्हणाल्या.

"हे शिरीष पोरीचं नाव असीन."

"मिशा आहे त्याले. पाहा."

भाऊंनी पाहिलं. मिशा होत्या, चांगल्या पिळदार. सोनोने सर घसा साफ करून म्हणाले, "मॅडम, हे कायद्यात बसत नाही अजून."

"सर, मागच्या पानावर बकरी छत्री घिऊन फिरून राह्यली. ते कोणत्या कायद्यात बसते?"

भाऊंनी पुस्तक मांडीवर ठेवलं आणि जे मनात होतं ते सरळ बोलले. "मॅडम, मी कोणाले वाईट म्हणून नाही राह्यलो. ज्याचं त्याच्यापाशी. पण आमच्या घरात या गोष्टी कोणी बोलत नाही. उद्या माह्या सानिकानं मले इचारलं, तं मी काय सांगू?"

हा प्रश्न खरा होता आणि खोलीत सगळ्यांनाच तो पडलेला होता. मॅडमनीही तो थट्टेवारी नेला नाही, निदान लगेच नाही.

"भाऊ, तिनं गणित इचारलं तं काय सांगता?"

"खर्चे मॅडमले इचार म्हणतो."

"मंग हेही खर्चे मॅडमले इचार म्हणा."

मी वर पाहिलं. मला कोणी विचारलं नव्हतं. पण इतिवृत्तात ते गेलं, कारण मीच लिहीत होते.

भाऊंचं समाधान झालं नव्हतं, पण नियमाप्रमाणे शेवटपर्यंत वाचणं भाग होतं. त्यांनी पान उलटलं. डावी-उजवीकडे पसरलेलं मांडवाचं मोठं चित्र होतं. भाऊंनी आजवर चाळीस तरी लग्नं पार पाडली असतील. त्यांनी चित्र जवळ धरलं, लांब धरलं, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे साफ चुकीचं आहे."

"काय, भाऊ?"

"याच्यात वरपक्ष कोणता?"

भाऊ तापले. "नाही, दोन्हीकून नवरदेव आहे तं वरात कोण काढीन? दोन्ही वराती निघाल्या, तं सामोरं कोण जाईन? अन् मानपान? फेटा कोणी कोणाले बांधाचा? लिहिणाऱ्यानं काही इचारच नाही केला!"

सोनोने सर म्हणाले, "आणि कान कोण पिळणार? नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो."

"दोघाइचेही भाऊ दोघाइचे कान पिळतीन," मॅडम म्हणाल्या. "आमच्यात ही भानगडच नाही. वंदना, पंचशील, हार, अन् जेवण. तासाभरात मोकळे."

शेख टेलर म्हणाले, "आमच्यात साल्या जूते लपवतात. इथं तं दोघाइचेही जूते जातीन. मग दूल्हे घरी नंगे पाय जाणार का?"

"म्हणूनच म्हणतो," भाऊ म्हणाले, "नियम पाह्यजे. माह्या मतानं वयानं मोठा तो वरपक्ष."

"अन् जुळे असले?" सोनोने सरांनी विचारलं.

"जुळ्याइचं एकमेकाशी कशाले होईन, सर!"

"दोन वेगवेगळ्या घरचे, पण एकाच दिवशी जन्मलेले."

"मंग टॉस करा."

हे अर्धा तास चाललं. मी इतिवृत्त लिहायचं सोडून दिलं. पोह्यांचा वास थंड व्हायला लागला होता. तेव्हा यशोदाबाई बोलल्या. कोणाकडे न पाहता, पदरानं तोंड पुसत.

"दोन्ही वरपक्षच असतात. म्हणून तं लय तरास आहे."

सगळे त्यांच्याकडे वळले.

"बंडूची माय मी, अन् विजयची माय ते मलकापूरची. मी म्हणतो मले मान पाह्यजे, ते म्हणते मले. दोघी रुसून बसतो. समजूत काढाले मंग कोणीच उरत नाही."

आता काय होतं म्हणून मी पेन हातात घेतलं. नारखेडे भाऊ खुर्चीत पुढे सरकले आणि फार काळजीनं त्यांनी विचारलं, "मंग कसं करता?"

"भूक लागली की उठतो," यशोदाबाई म्हणाल्या.

पहिले हसले ते भाऊच. मग उरलेली पानं यशोदाबाईंनी शेख टेलरांकडून वाचून घेतली आणि पोहे आले. नापसंतीचं कारण सांगायला पुस्तकासमोर कोणी उभं राहिलं नाही. भाऊ एवढंच म्हणाले की माझं मन पूर्ण मानत नाही, तेव्हा ते वरच्या फळीवर ठेवा, लहानांच्या हाती नको. मॅडम म्हणाल्या, "ठेवते, भाऊ." आणि ठेवलं. हसणाऱ्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर. खाली कार्यक्रमाचं स्टूल नेऊन ठेवलं, कारण त्याला ठेवायला दुसरी जागा नव्हती, असं त्यांचं म्हणणं.

स्टुलावर पहिली चढली सानिका. वाचलं, मिटलं आणि वर्गात जाऊन आरतीसमोर उभी राहिली. "आहे वं पुस्तकात." नियम तो नियम. त्या शनिवारी चारही कपाटं सानिकानं पुसली. नारखेडे भाऊ तिला न्यायला आले होते. ते दारात उभे राहून पाहत होते. पुसून झाल्यावर म्हणाले, "ते कोपऱ्यात राह्यलं."

पण आरती आली नाही. आठवडा गेला, दसरा गेला. मॅडम तिच्या घरी बसायला गेल्या नाहीत. फक्त वाचनाच्या तासाला दार जरा जास्त उघडं ठेवायच्या.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या तासाला आरती आली. स्टुलावर चढली, पुस्तक काढलं, खाली बसून शेवटपर्यंत वाचलं. मग ठणकावून म्हणाली, "हे खोटं आहे."

सगळी मुलं तिच्याकडे बघायला लागली.

"काऊन?" सानिकानं विचारलं.

"याच्यात मामा अन् शिरीष सारखे गोड बोलतात. आमचे असे नाहीत. आमचे भांडतात."

"कशाहून?"

"बंडूकाका साऱ्या गावाचे कूलर दुरुस्त करते, अन् घरचा बंदच. विजयकाका म्हणते, जा, त्या गिऱ्हाइकाच्याच घरी झोप. मंग बंडूकाका खरंच चादर घिऊन निघते. गल्लीच्या तोंडापर्यंत जाते अन् आवाज देते, उशी दे रे."

"मंग?"

"मंग विजयकाका उशी घिऊन जाते. अन् दोघं तिथंच टपरीवर चहा पितात."

"रोज?"

"उन्हाळ्यात रोज."

मुलं सरकत सरकत तिच्याभोवती आली. मी वह्या तपासत होते ते थांबवलं. पुस्तकात दाखव असं कोणी म्हणालं नाही. सानिकानं विचारलं, उशी कोणत्या रंगाची. दुसऱ्या एकानं विचारलं, कूलर शेवटी झाला का दुरुस्त. आरती सांगत होती, हातवारे करत होती, विजयकाकाचा आवाज काढत होती.

माझ्या लक्षात आलं की तास संपून बराच वेळ झाला असणार आणि घंटा झालेली नाही. मी उठून व्हरांड्यात पाहिलं. आमची घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा आणि ठोकायला एक हातोडी. शिपाई गजानन त्या रुळाखाली वाकून हातोडी शोधत होता. सोनोने सर कुंडीमागे पाहत होते. तायडे मॅडम खांबाला खांदा टेकून उभ्या होत्या, कडक साडी, पांढरे बूट, दोन्ही हात पाठीमागे.

"मॅडम, हातोडी पाह्यली का?" गजाननानं विचारलं.

"आता इथीच तं होती."

"तास संपला ना पण," सोनोने सर म्हणाले.

"घंटा झाली का, सर?"

"हातोडी सापडल्याशिवाय कशी होईल?"

"मंग कुठी संपला?"

मी उभी होते तिथून त्यांची पाठ दिसत होती आणि पाठीमागच्या मुठीत धरलेली हातोडीही. मी परत आत जाऊन बसले. आतून आरतीचा आवाज येत होता. आता गोष्ट मलकापूरच्या आईवर आली होती.

मॅडमच्या निवृत्तीचा समारंभ झाला. शाल, नारळ, भाषणं. त्या आता अमरावतीला लेकीकडे असतात. मी समारंभात पहिल्या रांगेत होते, पण मला त्यातलं फारसं आठवत नाही. मॅडम म्हटलं की मला तो खांब आणि ती पाठ दिसते.

ऊन उतरल्यावर पुस्तकं झटकून खाली आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं नांदुऱ्यावरून खामगावला गेले. पुस्तकांच्या दुकानदारानं नेहमीप्रमाणे गणिताच्या मार्गदर्शिका काढून ठेवल्या होत्या. मी म्हटलं, त्या राहू द्या, गोष्टीचं पुस्तक पाहिजे. एका घरात राहणारे दोन काका, नवरा-नवरा, आणि ते भांडतात असं.

"कशावरून भांडतात, मॅडम?"

"कूलरवरून असेल तर बरं. नसेल तर कशावरूनही."

त्यानं दोन्ही कपाटं पाहिली. माळ्यावर चढून पाहिलं. नाही म्हणाला.

"मग मागवा," मी म्हटलं. "शाळा उघडायच्या आत. आता सातवीत जाणारी एक मुलगी आहे, ती तपासून घेते."